गळकं घर विकायचं होतं

घर विकायला ह्यांनी काढलं होतं, मी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या सोसायटीतल्या जुन्या बायका अजून मला म्हणतात, "तुम्ही तर वाशी सोडून चालला होतात ना?" आणि माझं डोकं फिरतं. मी कुठंही चालले नव्हते.

घर मिळालं ते सत्तरचं दशक संपता संपता. त्याआधी आम्ही मुंबईत दिरांच्या खोलीत राहायचो, मधे पडदा लावून. आम्ही बौद्ध, मूळचे मराठवाड्यातले. सुट्टीच्या दिवशी हे आणि मी भाड्याची जागा शोधायला निघायचो. जागा आहे का विचारलं की लोक आहे म्हणायचे, खोली दाखवायचे, पाणी किती वाजता येतं तेही सांगायचे. मग आडनाव विचारायचे आणि जागेचं कालच ठरल्याचं त्यांना अचानक आठवायचं. मुंबईत इतक्या जागांचं कालच ठरलेलं असायचं की मला गंमत वाटायची. ह्यांना नाही वाटायची.

वाशीची घरं सोडतीनं मिळणार असं कळलं तेव्हा आम्ही अर्ज टाकला. सोडतीत अर्जाचा नंबर पुकारला गेला, आडनाव नाही. आमचा नंबर लागला. चौथा मजला, लिफ्ट नाही, डोक्यावर थेट छत. खाडीपलीकडं ओसाड माळावर राहायला चाललेत म्हणून नातेवाईक हसले. मी मात्र पहिल्या दिवशी घरात शिरल्यावर दार आतून लावलं, उगाचच परत उघडलं आणि परत लावलं. ते दार माझं होतं.

तर ते घर गळायचं. सगळं नाही, आतल्या खोलीचा एकच कोपरा, आणि नेमकी तिथंच सासूबाईंची खाट. पावसाळा लागला की खाट हलवायची, खाली बादली, बाजूला घमेलं, मधे कुकरचं भांडं. गोधड्यांना कुबट वास. सासूबाईंचा खोकला दसऱ्यापर्यंत चालायचा. हे कंपनीत फिटर, कारखान्यांच्या सगळ्या पट्ट्यातली यंत्रं दुरुस्त करणारा माणूस, आणि स्वतःच्या घराचं छत काही त्यांना जुमानत नव्हतं.

आमच्याकडं पावसाळी कामांचा एक क्रम ठरलेला होता. मे लागला की पन्हळी साफ करायच्या, खिडक्यांच्या चौकटींच्या फटींत लांबी भरायची, फुगणाऱ्या दारांना रंधा मारून घ्यायचा आणि छतावर गोणपाट पसरून डांबर ओतायचं. छताचं काम सोसायटीचं, पण खालच्या मजल्यांवर थेंबही पडत नसल्यामुळं सोसायटीला त्याची फारशी घाई नसायची. मग हेच उघड्या उन्हात डांबराचा डबा घेऊन वर जायचे. पाठ भाजून घ्यायचे. आणि जूनअखेरीला त्याच कोपऱ्यातून तेच पाणी.

एका पावसाळ्यात सासूबाई घसरल्या. हाड मोडलं नाही, पण त्या दिवशी ह्यांनी ठरवलं. "विकून टाकू. आईला ह्या ओलीत ठेवायचं नाही. परत भावाकडं जाऊ, पुढं कल्याणकडं काहीतरी बघू."

"कल्याणकडं सोडत निघणार आहे का?" मी विचारलं.

मला काय म्हणायचंय ते त्यांना कळलं होतं. कल्याणकडं घर घ्यायचं म्हणजे परत कोणाच्या तरी दारात उभं राहायचं, परत आडनाव सांगायचं आणि समोरच्याला काय आठवतं त्याची वाट बघायची. मला त्याची भीती वाटत होती. पण सासूबाई खोकत होत्या. त्यांच्या खोकल्यापुढं मी माझी भीती कुठल्या तोंडानं मांडणार?

आमच्या सेक्टरात चहाच्या टपरीवर एक एजंट बसायचा. ऑफिस म्हणजे तीच टपरी. त्यानं ह्यांना बाजाराची रीत समजावली. "दिवाळीत दाखवा साहेब. चुना मारा, दाराला ऑईलपेंट मारा. दिवाळीत वाशीतलं कुठलंच घर गळत नाय. आषाढात निम्मी वाशी विकायला निघते, तेव्हा भाव पडतो." न्हावा शेव्याला बंदर होतंय, पुढं रेल्वेपण येणार, असं तो प्रत्येकाला सांगायचा. बंदराचं काम खरंच चाललं होतं, त्यामुळं रेल्वेवरही लोक विश्वास ठेवायचे आणि भाव थोडा सरकायचा.

दिवाळीत आम्ही चुना मारला. गिऱ्हाईक आलं. मुंबईत कस्टमच्या क्लिअरिंग एजंटकडं कारकून होता, बंदर सुरू झाल्यावर इकडं बदली होणार म्हणून घर बघत होता. गृहस्थ बरे वाटले. त्यांनी नळ सोडून बघितला, खिडक्या उघडझाप करून बघितल्या, आणि शेवटी आतल्या खोलीत त्या कोपऱ्याखाली उभे राहून वर बघत राहिले.

"घर आवडलं," ते म्हणाले. "पण इसाराचे पैसे आत्ता नाय देणार. दिवाळीत सगळीच घरं सुकी असतात हो. मी जुलैत येईन, चांगला धो धो पडत असेल त्या दिवशी. नाय गळलं तर तिथल्या तिथं इसार."

एजंटचा चेहरा पडला. ह्यांचाही. मला मात्र असा आनंद झाला की मी त्यांना आग्रह करून दुसरा लाडू दिला. जुलैत येणार म्हणजे घर आपोआप वाचणार होतं. आमच्या घराच्या गळण्यावर माझा पूर्ण भरवसा होता.

मासे घेऊन येणारी जवळच्या गावातली मावशी होती. तिच्याही कानावर गेलं होतं. पाटी उतरवत म्हणाली, "घर इकताव का काय? मंग म्हावरा मी कोनाला देव?" मी म्हटलं, "मावशी, काळजी करू नका. पाऊस येऊ द्या."

मग मे आला. कुरडया घालायच्या म्हणून मी छत धुवायला वर गेले. आमचं छत म्हणजे तेव्हा अँटेनांचं जंगल होतं. टीव्हीचं चित्र मुंबईकडून, खाडीवरून यायचं, वाऱ्यानं हलायचं, म्हणून प्रत्येकाला आपला खांब उंच हवा होता. उंच खांब उभा राहायचा तर चहूबाजूंनी तारा ताणायच्या, आणि तारा बांधायला छतात लोखंडी खिळे ठोकायचे. चित्र स्वच्छ यायचं ते आमच्या बाजूला, त्यामुळं अख्ख्या इमारतीचे टीव्ही आमच्या डोक्यावर उभे होते. त्यात आमचाही होता, ह्यांनीच ठोकलेला.

बादल्या ओतून मी झाडू मारत होते. एका खिळ्यापाशी पाणी साचलं होतं, त्यातून बुडबुडे येत होते. मी बघत उभी राहिले. डबकं माझ्यासमोर आटलं. मी आणखी एक बादली ओतली. तीही गेली.

खाली आले तर सासूबाई खाटेवर उठून बसलेल्या, वर बघत.

"अगं, छत गळायलंय की," त्या म्हणाल्या. "पाऊस कुठं हाय?"

भर मे महिन्यात कोपऱ्यात ओला डाग उमटला होता. मी त्यांच्याशेजारी खाटेवर बसले आणि मला सगळा क्रम लक्षात आला. मेमध्ये डांबर ओतून व्हायचं. जूनच्या तोंडावर वारा सुटायचा, खांब डुलायला लागायचे, आणि चित्र बिघडू नये म्हणून सगळी मंडळी हातोडे घेऊन वर जायची. नवे खिळे, ताज्या डांबरात. वर्षानुवर्षं आम्ही आधी छत बुजवत होतो आणि मग त्याला भोकं पाडत होतो, आणि वर इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराच्या नावानं बोटं मोडत होतो.

आता पंचाईत माझी. बोलले नाही तर घर गळणार, गिऱ्हाईक पळणार, घर राहणार. बोलले तर घर सुकं होणार आणि सुकं घर विकलं जाणार. कोणाला सांगितलं असतं तर हसला असता, पण मला हसू येत नव्हतं. मी कुरडया वाळवत बसले आणि तोंड मिटून राहिले.

मग सुट्टीच्या दिवशी हे नेहमीसारखे डांबराचा डबा घेऊन निघाले. गेल्या वर्षीचे पाठीवरचे डाग अजून गेले नव्हते. आतून सासूबाईंच्या खोकण्याचा आवाज आला. उन्हाळ्यातही आता त्यांना तो सोडत नव्हता. मला एकदम रडू फुटलं. घर माझं म्हणून मी त्याला गळत ठेवणार, आणि त्याच घरात ही दोन माणसं झिजणार, असलं घर मला नको होतं.

"डांबर राहू द्या," मी म्हटलं. "आधी वर चला. दाखवते."

त्यांनी भोकात पाणी जाताना बघितलं आणि कपाळाला हात लावून छतावरच बसले. मग उठले ते निराळेच. कंपनीतून भंगारातल्या लोखंडी पट्ट्या रीतसर विकत आणल्या, त्यांचे क्लॅम्प केले. दारोदार जाऊन लोकांना समजावलं, की खांब छतातून काढून कठड्याला बसवू, चित्र बिघडलं तर मी जबाबदार. सेक्रेटरी कुरकुरले, "रविवारचा पिक्चर गेला तर लोक मला धरतील." पण पिक्चर गेला नाही, उलट खांब कमी डुलायला लागले. एकेक खिळा उपटून हे भोक खरवडत, सिमेंट भरत, त्यावर ओलं पोतं ठेवत. सासूबाई खालून आवाज द्यायच्या, "झालं का रे?" आणि हे वरून ओ द्यायचे. एवढ्या आनंदानं घराचं काम करताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. आणि हे सगळं चाललं होतं घर विकण्यासाठी.

पाऊस लागला. सवयीनं मी बादली, घमेलं मांडलं. बादली कोरडी. पावसानं चांगली झड धरली, तरी कोरडी. सासूबाईंनी खाट हलवू दिली नाही; म्हणाल्या, "बघू तर खरं." शेवटी मी घमेल्यात कांदे ठेवून दिले. सासूबाईंचा खोकला कमी झाला. गोधड्यांना उन्हाचा वास तसाच राहिला. रात्री पाऊस कोसळायचा आणि आम्ही तिघंही झोपायचो. ह्या घरात पावसाळ्यात असं झोपता येतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. इतकं हलकं वाटायचं की जाग आल्यावर भीती आठवायला थोडा वेळ लागायचा. पण आठवायची.

जुलैत गिऱ्हाईक आलं, बोलल्याप्रमाणं. रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं, गृहस्थ निथळत होते. छत्री बाहेर ठेवून सरळ आतल्या खोलीत गेले. स्टूल मागितलं, वर चढले, कोपऱ्यावर तळहात टेकवला, बोटं एकमेकांवर चोळून बघितली. सासूबाई खाटेवरून त्यांच्याकडं टक लावून बघत होत्या.

"खडखडीत," ते खाली उतरत म्हणाले. "मानलं. मी आतापर्यंत पावसात जेवढी घरं बघितली, त्यातलं हे पहिलं सुकं." त्यांनी खिशातलं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पाकीट काढलं. मी हातातला चहाचा ट्रे टेबलावर ठेवला.

पाकीट उघडता उघडता ते सहज म्हणाले, "एक विचारू? राग मानू नका. एवढं सुकं घर, वाशीत, तुमी विकताय कशाला?"

"गळतं म्हणून," हे म्हणाले.

गृहस्थांनी वर बघितलं. ह्यांनीही वर बघितलं. सासूबाईंनी, मी, सगळ्यांनीच वर बघितलं. बाहेर पाऊस धो धो पडत होता आणि आमच्या डोक्यावर पांढरंफेक छत होतं. ह्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांना हसू आलं, असं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सासूबाईंच्या खाटेवर बसले.

"नाही विकत," ते म्हणाले. "माफ करा. तुम्ही भिजत आलात. पण नाही विकत."

गृहस्थ आधी चिडले, आणि चिडायला हवंच होतं. मी त्यांना कोरडा टॉवेल दिला, कांदाभजी तळली, त्याच घमेल्यातल्या कांद्यांची. दुसऱ्या घाण्याला ते निवळले. जाताना ह्यांना म्हणाले, "निदान दुसरं घर सांगा, असं न गळणारं." ह्यांनी त्यांना समोरच्या इमारतीचा वरचा मजला सांगितला आणि म्हणाले, "आत्ता गळतंय, पण घ्या. छत मी करून देतो." पुढं ते खरंच तिथं राहायला आले.

एजंट मात्र बरेच दिवस ह्यांच्याशी बोलला नाही.

आमच्या दाराला तोवर पाटी नव्हती. हे म्हणायचे, काय करायचीय, चौथ्या मजल्यावर कोण येतंय. खरं कारण मला माहीत होतं आणि मी कधी ते बोलले नव्हते. त्या महिन्यात पगार झाल्यावर हे पितळेची पाटी करून घेऊन आले. नावाची आद्याक्षरं बारीक, आणि आडनाव मोठ्या अक्षरात, जिना चढताना खालच्या वळणावरूनच वाचता येईल एवढं.

पाटी लावायला त्यांनी भिंतीवर खिळा धरला, हातोडा उचलला आणि तसेच थांबून माझ्याकडं बघितलं.

"ठोका," मी म्हटलं. "इथून पाणी येत नाही."