काल पडली

माझी धाकटी बहीण झोपेत चालायची. म्हणजे अंथरुणावरून उठून नव्हे, सकाळी जागी झाली की सांगायची, "अक्का, आज तळ्यापर्यंत गेले." गल्लीत यंत्रमागांचा खटखटाट चाले, तोच तिच्या स्वप्नात पावलांचा होत असावा. जागेपणी ती माझ्या कडेवर असे. अंगणात रांगायची तेव्हा पोलिओचा ताप आला, आणि जाताना उजव्या पायातला जोर घेऊन गेला.

जूनमध्ये तिला शाळेत घालायचं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "चालत आली तर घेऊ." त्यासाठी कॅलिपर हवा होता : मांडीपासून लोखंडी पट्ट्या, खाली बूट. वडील गिरणीत असल्यामुळे घरातल्या सगळ्यांचा विमा होता. विमा म्हणजे संकटातली छत्री, असं गिरणीच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. ती उघडायला शिक्का लागतो, हे भिंतीवर मावलं नसावं.

अम्मा तिला घेऊन एकटीच विम्याच्या दवाखान्यात गेली आणि चिठ्ठी घेऊन आली. मी वाचली : 'काल पडली. ताजी दुखापत. कॅलिपर नामंजूर. विश्रांती घ्यावी.'

"काल कुठं पडली ही?" मी विचारलं.

अम्मानं दवाखान्यात काय बोलणं झालं ते सांगितलं. आमच्या घरात तेलुगू. अम्माचं मराठी भाजी घेण्यापुरतं. मुलीला काय झालं, असं कारकुनानं विचारल्यावर ती म्हणाली होती, "कालु पडिपोयिंदि." म्हणजे पाय लुळा पडला. कारकुनानं त्यातलं जेवढं मराठी वाटलं तेवढं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले. कारकून म्हणाला, "एकदा लिहिलेलं मला बदलता येत न्हाय. मोठे डॉक्टर गुरुवारी येतात, त्यांना सांगा."

गुरुवारी बाकावर बसून राहिलो. स्पिरिटचा वास, फरशीवर हळूहळू सरकणारं ऊन, लांबून गिरणीचा भोंगा. माझे डोळे मिटत होते. बहीण मांडीवर झोपली होती. तिच्या डाव्या पायाचा अंगठा हलत होता. कुठंतरी निघाली होती.

"उठा, साहेब आले!" शिपायानं पडदा वर धरला. सगळे उभे राहिले. आजारी माणसं अशा वेळी फार चपळ होतात. जागी झालेल्या बहिणीला तो म्हणाला, "ए पोरी, ऊठ की!"

ती बसूनच राहिली. साहेब थांबले. आमच्या हातातली चिठ्ठी त्यांनी वाचली.

"काल पडलीस?"

"मी न्हाय पडत," ती म्हणाली. "पडायला आदी उभं राहावं लागतंय की."

साहेबांनी चष्मा काढला, खाली बसले आणि तिचा पाय हातात घेतला. सोडल्यावर तो ओल्या कापडासारखा खाली आला. त्यांनी तिथंच कारकुनाची ओळ खोडली.

"साहेब, वरच्या हापिसात खोडाखोड चालत न्हाय," कारकून पुटपुटला.

"मग हिला शाळेत रोज तुम्ही नेणार का कडेवर?"

कॅलिपर आला तोवर शाळा सुरू झाली होती. पहिल्या संध्याकाळी ती गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत खडखड करत गेली आणि धाडकन पडली. मी धावले. ती गुडघा धरून हसत होती. "अक्का, पडले गं!"

सकाळी ती शाळेच्या दारापर्यंत चालत आली. बाईंनी आधी गुडघा पाहिला.

"अगंबाई, हे काय लागलंय?"

मी तोंड उघडण्याआधी अम्मा पुढं झाली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "काल पडली."