तासोनी इन्साफ दिवाणखान्यात बसत नसत

माझं उभं आयुष्य दिवाणखान्याच्या खुर्च्या बनवण्यात गेलं. कोरलेले पाय, सोनेरी मुलामा, वर मखमल. मिन्या शहरातल्या किती नव्या संसारांत माझ्या हातच्या खुर्च्या गेल्या, त्याची गणती नाही. आणि तासोनी इन्साफ नावाची एक बाई होती, जिनं त्यातल्या एकाही खुर्चीला पाठ टेकली नाही. सुरुवातीला मला याचा असा राग यायचा की काय सांगू.

आमच्या कॉप्टिक चर्चमध्ये सेवा करणाऱ्या बाईला तासोनी म्हणतात, म्हणजे ताई. इन्साफ मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. नवरा रेल्वेत होता, तो तरुणपणीच गेला. मूलबाळ नव्हतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर अबूना बिसादांनी, म्हणजे आमच्या पाद्रीबाबांनी, त्यांच्याकडे तीन गल्ल्या सोपवल्या. घरोघरी जायचं, कोण चर्चला यायचं थांबलंय, कोणाच्या घरात धुसफूस चाललीय, ते बघायचं. आता शहरात घरातल्या भांडणांवर सल्ला द्यायची कार्यालयं झाली आहेत, वेळ ठरवून जावं लागतं, भिंतीवर प्रमाणपत्रं असतात. असू देत. आमच्या वेळी तासोनी इन्साफ होत्या आणि त्या न कळवता यायच्या.

एका गुडघ्यानं लंगडत जिना चढायच्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत स्वतःच्या सपाता आणि निवडायला एखादी भाजी. घरची बाई दिवाणखान्याचं दार उघडायला, खुर्च्यांवरच्या चादरी काढायला धावायची, तोवर ह्या सरळ स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसलेल्या असायच्या. भाजी परातीत ओतायच्या आणि नवऱ्यालाही हाक मारायच्या. आमच्याकडे पुरुष स्वयंपाकघरात डोकावतो तो चहा कुठे राहिला म्हणून विचारायला. पण तासोनींनी हाक मारली की भलेभले मुकाट्यानं मांडी घालून बसायचे.

एकदा मी त्यांना तोंडावर विचारलं, की माझ्या खुर्च्यांनी तुमचं काय घोडं मारलंय? त्या म्हणाल्या, "उस्ता, खुर्च्या सुंदरच आहेत. पण त्यांच्यावर बसलेलं माणूस देवाच्या दयेनं सगळं छान आहे असंच म्हणतं. हाताला काम असलं की तोंडानं खरं निघतं." मला उस्ता म्हणायच्या, कारागीर म्हणून. चिडवायचं असलं तरी उस्ताच म्हणायच्या, सूर तेवढा बदलायचा.

उपदेश त्यांना जमायचाच नाही. बायबलमधलं वचन सांगायला घेतलं तर अर्ध्यात विसरायच्या आणि स्वतःच हसायच्या. ऐकून मात्र घ्यायच्या. निघताना सगळ्यांना पूर्वेकडे तोंड करून उभं करायच्या आणि 'आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना म्हणवून घ्यायच्या, भांडण मिटलेलं असो वा नसो. बाजूच्या गल्लीतले एक मास्तर आणि त्यांची बायको दोन महिने एकमेकांशी बोलत नव्हते. तासोनींनी त्यांच्याकडून अख्खं पातेलंभर कोबीची पानं वळून घेतली, आत भात भरून. पातेलं भरत आलं तेव्हा दोघं भात कोणी जास्त भरला यावरून बोलायला लागले होते. सगळीकडे असं झालं नाही. दोन-तीन घरांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. त्या पुढच्या आठवड्यात पुन्हा जायच्या.

आता माझं सांगतो. चाळीस वर्षं होऊन गेली. सांगायला आता हरकत नाही, का नाही ते शेवटी कळेल.

मी तेव्हा तिशीतला होतो, राग कायम नाकावर. बायको व्हायोलेट, लग्नाला तीन वर्षं झालेली. त्या वर्षीच्या ऑगस्टात तिला पाचवा महिना लागला होता. मरियममातेचा उपास चालू होता, पंधरा दिवस. उपासात आम्ही दोघं पापकबुलीला गेलो. आमच्यात नवराबायकोनं एकाच पाद्रीकडे कबुली द्यायची पद्धत आहे, म्हणजे घराची नाडी एकाच्या हातात राहते. आधी व्हायोलेट आत गेली. बराच वेळ होती, डोळे पुसत बाहेर आली. मग मी गेलो. माझी किरकोळ पापं सांगून झाली, अबूनांनी माझ्या डोक्यावर क्रूस धरला आणि हळूच विचारलं, "सिदराक, तो शब्द तू व्हायोलेटला बोलला होतास, त्याची तिच्याकडे माफी मागितलीस का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो शब्द मी हिवाळ्यात बोललो होतो, बंद घरात, आम्ही दोघंच असताना. काय शब्द होता ते सांगतोच. मला एवढंच कळलं, की हिनं आत जाऊन माझी चहाडी केली. घरी आल्यावर मी घर डोक्यावर घेतलं. घरातलं चर्चमध्ये नेतेस, मला पाद्रीसमोर मान खाली घालायला लावतेस, अजून काय काय. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माझं ओरडून झाल्यावर तिनं पिशवी भरली आणि अबू कुरकासला माहेरी निघून गेली.

मी अबूनांकडे गेलो. म्हटलं, एवढंच सांगा, तिनं सांगितलं की नाही? त्यांनी मान हलवली. कबुलीतलं, कोणी काय सांगितलं आणि काय नाही सांगितलं, दोन्ही ते सांगू शकत नव्हते. जीव गेला तरी नाही. बिचाऱ्यांचा चेहरा उतरला होता. मग सासऱ्यांचा, वहबाकाकांचा, निरोप आला. मुलीचं बाळंतपण इथेच होईल, आणि ती म्हणते की नंतरही ती इथेच राहील. आमच्या चर्चमध्ये घटस्फोट जवळजवळ नाहीच. म्हणजे जन्मभर लटकायचं, ना धड संसार ना सुटका, आणि माझं मूल दुसऱ्याच्या अंगणात वाढणार.

व्हायोलेट गेल्याच्या चौथ्या दिवशी तासोनी आल्या. स्वयंपाकघरात चार दिवसांची भांडी पडली होती, ती त्यांनी बाजूला सारली. मुलूखिया या पालेभाजीची मोठी जुडी परातीत टाकली आणि म्हणाल्या, पानं खुड, देठ नको. मी पानं खुडत सगळं ओकलो. तिनं चहाडी केली, तिनं माझी अब्रू घालवली. त्यांनी तो शब्द काय होता हे विचारलं नाही. माझं ओकून झाल्यावर म्हणाल्या, "ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात तूही कबुलीला गेला होतास ना? काय सांगितलंस तेव्हा?"

मी फणकारलो, की ते माझं आणि अबूनांचं आहे. त्या म्हणाल्या, "मला सांगूच नकोस. तुझं तुला आठव. आणि देठ येतायत, नीट खुड."

मी खुडत राहिलो. आणि मग माझे हात थांबले. मार्चमधली शुक्रवारची दुपार, चर्चमध्ये रांग, मला कारखान्यात परत जायची घाई, आणि मी भराभरा सांगितलेल्या पापांच्या यादीत तो शब्दही होता. मीच सांगितला होता. अबूनांनी मला माझ्याच कबुलीची आठवण करून दिली होती. सांगून झाल्यावर मी हलका होऊन बाहेर आलो आणि विसरूनही गेलो. मला इतकी लाज वाटली की मी त्या मुलूखियावर डोकं ठेवून रडलो. तासोनींनी परात हळूच बाजूला ओढली.

मग मी म्हटलं, उद्याच चार मोठी माणसं आणि अबूनांना घेऊन अबू कुरकासला जातो, रीतीप्रमाणे. तासोनी म्हणाल्या, माणसं आणलीस की ती दिवाणखान्यात बसतील आणि तुझ्या वतीनं छान छान बोलतील. आपण दोघंच जाऊ. आणि तिला जाऊन हे सांगू नकोस की चहाडी तू केली नाहीस हे मला कळलं. त्यानं तुझं समाधान होईल. तिला काय लागलंय ते बघ.

शनिवारी टॅक्सीत दाटीवाटीनं बसून गेलो. वहबाकाकांनी आम्हाला दिवाणखान्यात नेलं, माझ्याच हातच्या खुर्च्या होत्या. ते बोलायला तोंड उघडतात तोवर तासोनी लंगडत आत गेल्यासुद्धा. त्यांच्या मागे मीही उठलो. जावयानं सासूच्या स्वयंपाकघरात शिरायचं म्हणजे काय, सासूबाई दारात तोंडावर हात ठेवून उभ्याच राहिल्या. आत व्हायोलेट आणि तिची धाकटी बहीण जॉर्जेट भेंड्या चिरत बसल्या होत्या.

जॉर्जेटही तिथे असेल हे मी धरलंच नव्हतं. तो शब्द तिच्याबद्दलच होता. तरी मी धीर करून म्हटलं, "व्हायोलेट, त्या दिवशी मी जे बोललो..."

व्हायोलेटनं मला तिथेच तोडलं. "जॉर्जेट, पाव संपलेत. जरा भट्टीवर जाऊन ये."

पावाची टोपली भरलेली होती, सगळ्यांना दिसत होती. जॉर्जेटनं टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हसू दाबलं आणि गेली. तासोनी चिरायच्या भेंड्या घेऊन मागच्या दाराशी जाऊन बसल्या. तेव्हा मला कळलं, की व्हायोलेटनं हे कोणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही, बहिणीला तर नाहीच.

मी म्हटलं, "कारखान्यातून घरी आणलेल्या तयार खुर्चीवर तुझ्या हातून कॉफी सांडली आणि मी तुला म्हणालो, की तुझ्याऐवजी तुझ्या बहिणीशी लग्न केलं असतं तर बरं झालं असतं. ते खोटं होतं. खरं असतं तरी बोलायचं नव्हतं. मला माफ कर."

ती भेंडीचे तुकडे करत राहिली. मग म्हणाली, "अबूनांना मी तुझं काही सांगितलं नाही. मी माझंच पाप सांगत होते, दर वेळी एकच. त्या दिवसापासून मला जॉर्जेट डोळ्यांसमोर नको झालीय. तिनं माझं काय केलंय? बाळासाठी रोज काहीतरी शिवत असते. आणि मला वाटतं, तिनं शिवलेलं काहीच माझ्या बाळाच्या अंगाला लागू नये."

मी खालीच बसलो. एक शब्द मी बोललो, सांगून मोकळा झालो, आणि सहा महिने ही बाई त्यासाठी स्वतःला पापी समजून रडत होती.

तिनं मला माफ केलं. पण ती त्या दिवशी आली नाही. म्हणाली, माझी माफी मागितलीस, तिची कशी मागणार? तिला तर काही माहीतच नाही, आणि कळायलाही नको. मला इथे राहू दे थोडे दिवस, तिच्याजवळ. परतताना टॅक्सीत मी तासोनींना दहा वेळा विचारलं, ती येईल ना? दहाव्या वेळी त्या म्हणाल्या, "उस्ता, आता तुझ्या हातात काही नाही. आता ते त्या दोघींचं आहे."

उपास संपला, सण झाला, मी एकट्यानं काहीबाही खाल्लं. सणाच्या दुसऱ्या दिवशी दार वाजलं. व्हायोलेट होती, आणि तिचं सामान उचलून मागे जॉर्जेट. दोघींच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. जॉर्जेट आत येऊन बसली ती थेट माझ्यावर घसरली. "दाजी, असं काय बोललात हो हिला? ही मला काही केल्या सांगत नाही."

व्हायोलेट शांतपणे म्हणाली, "अगं काही नाही. माशात मीठ जास्त पडलं म्हणून ओरडला."

झालं. एवढ्यासाठी, पोटुशी बायकोला, मिठासाठी? जॉर्जेटनं मला जे झापलं ते झापलंच, पण आठवड्याभरात अख्ख्या अबू कुरकासला कळलं की वहबांचा मिन्याचा जावई मिठापायी बायकोला घालवतो. लग्नात, बारशात, कुठेही ताट समोर आलं की कोणीतरी म्हणायचंच, दाजींना आधी मीठ बघू द्या. चिडायला मी काही कमी नव्हतो. पहिल्यांदा चिडून कारखान्यात आलो तेव्हा तासोनी तिथे आल्या होत्या. म्हणाल्या, हे तुला स्वस्तात मिळालंय, जन्मभर गोड मानून घे. मी घेतलं.

तासोनी इन्साफ जाऊन सव्वीस वर्षं झाली. आमच्या चर्चमध्ये पुरुष एका बाजूला बसतात, बायका दुसऱ्या. त्यांच्या अंत्यविधीला मात्र जोडपीच्या जोडपी मधल्या वाटेत एकत्र उभी होती आणि अबूनांनी कोणाला हटकलं नाही. ते मास्तर आणि त्यांची बायकोही होती. किती घरांचं काय काय त्या बाईच्या पोटात होतं आणि तिच्याबरोबर गेलं, देव जाणे. मला त्यांची फार आठवण येते. हल्ली तर रोज येते.

गेल्याच्या गेल्या वर्षी जॉर्जेटही गेली. तिनं लग्न केलं नव्हतं. शेवटचे चार महिने आमच्याकडेच होती, व्हायोलेट तिचं सगळं करायची. एका दुपारी व्हायोलेट दमून पडली होती म्हणून मी जॉर्जेटला मसुराचं सूप भरवायला बसलो. तिनं पहिला चमचा तोंडात घेतला, बराच वेळ घोळवला. मग म्हणाली, "मीठ बरोबर आहे, दाजी. आता माझ्या बहिणीला घालवू नका."

मी नाही घालवणार म्हटलं आणि दुसरा चमचा भरला.