चाळीस की वीस... मागच्या सीटवर बसल्यावर कळलं

मागच्या रविवारी आमच्या वाशी गावाहून नळदुर्गला गेले होते, गाडीच्या स्प्रिंगा बघायला. सोबत अण्णा, म्हणजे माझे वडील. "सहज येतो" म्हणाले आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसले.

माझी गाडी सेकंडहँड, लाल, लहानशी... पण पळायला एकदम तेज. दोष एकच, चाक आणि मडगार्डच्या मधली फट. बाजूनं फोटो काढला की गाडी आखूड पायजमा घातलेल्या माणसासारखी दिसते.

म्हणून दोन महिने एकच अभ्यास चालू होता. गाडी वीस एमएम खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, तीसवाल्या, चाळीसवाल्या... मी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे, तिथं डबा खातानाही मोबाईलवर हेच. गाडीवेड्यांच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकमत, चाळीसच घे, भारी दिसते. माझंही मन तिथंच बसलं होतं.

अण्णांचं मत वेगळं. "लोकं गाडी उच्ची करायलेत आन् तू खाली बसवायलीस... आपल्या रोडला?"

अण्णांनी तीस वर्षं एसटी चालवली. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना एकदा म्हैस आडवी आली आणि बस रस्ता सोडून शेतात उतरली. कुणाला साधं खरचटलंही नाही... पण त्या दिवसापासून त्यांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. मी गाडी घेतली तेव्हा पहिली चावी त्यांच्याच पुढं केली होती. त्यांनी ती गुपचूप माझ्या हातात परत ठेवली. नंतर घरात कुणी तो विषय काढला नाही.

नळदुर्गला हायवेला लागून कासिमभाईंचं गॅरेज आहे. आधी ट्रकच्या स्प्रिंगांचे पाटे बसवायचे, आता कारचंही काम करतात. माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बाई, गाडीत बसतं कोन?"

"मी एकटीच," म्हणाले. खरं तर ते खोटं होतं. आईच्या कमरेचं ऑपरेशन झालंय, दर महिन्याला तिला मागच्या सीटवर बसवून सोलापूरला न्यावं लागतं. पण त्या वेळी चाळीसच्या आड मला काहीही यायला नको होतं...

कासिमभाई म्हणाले, "फोनवर बघून स्प्रिंग कळत न्हाई. माझ्या पोराची शेम गाडी हाय मागं, चाळीसवाली. पोरगा पुण्याला ऱ्हातो. घ्या, चालवून बघा."

चालवली. काय सांगू... वळणावर गाडी झुकतच नव्हती, रस्त्याला चिकटून चालल्यासारखी. पंधरा मिनिटांत परत आले आणि जाहीर केलं, "पक्कं. चाळीस."

"आता मागं बसून बघा," कासिमभाई म्हणाले. "पुढं बसनाऱ्याला अर्धंच कळतंय."

पण मग चालवणार कोण? कासिमभाईंपुढं एक ट्रक जॅकवर चढवलेला, त्याचा ड्रायव्हर घाई करत होता. त्यांना हलता येईना. मी म्हणणारच होते की राहू द्या... तेवढ्यात अण्णा म्हणाले, "आन चावी."

मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

त्यांनी रुमालानं हात पुसले. सीट पुढं घेतली, आरसे लावले... आणि गाडी चालू न करता नुसतेच बसून राहिले. मी मागून त्यांच्या मानेवरचा घाम बघत होते.

मग इंडिकेटर लागला. बराच वेळ पहिलाच गिअर. एक ट्रक हॉर्न देत बाजूनं गेला तेव्हा त्यांचे खांदे वर आले... आणि हळूहळू खाली बसले. दुसरा गिअर पडला. मग तिसरा. अणदूरच्या दिशेनं आम्ही निघालो.

इकडं मागं माझी वाट लागलेली. अण्णा ब्रेकरवरून भरलेली एसटी न्यावी तशी अलगद गाडी नेत होते, तरी प्रत्येक दणका थेट पाठीत. एका ब्रेकरला गाडीचं पोट खर्रकन घासलं, पुढच्याला माझे दात दातांवर आपटले. आणि या जागेवर मी आईला बसवणार होते...

"अण्णा, चाळीस नको. वीसच बरं."

"आं?" त्यांचं लक्षच नव्हतं. "गाडी लई ग्वाड हाय गं. आजून एक चक्कर मारू का?"

पाठ ठणकत होती. मी म्हणाले, "मारा."

दोन चकरा झाल्या. परत आल्यावर कासिमभाईंना आईचं खरं खरं सांगितलं. ते हसले, म्हणाले, "मंग वीसच. आन् शॉकअप बी तपासून घेऊ, नुसती स्प्रिंग बदलून भागत न्हाई."

काल वीसवाल्या बसल्या. आईला फिरवून आणलं, तिला काही फरकच कळला नाही... यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नको. आणि आज सकाळी अण्णा गाडी घेऊन दूध आणायला गेले. डेअरी आमच्या घरापासून चालत दोन मिनिटांवर आहे. पाऊण तासानं आले.

कासिमभाई, तुम्ही मला फक्त स्प्रिंग समजावून सांगत होतात, हे मला माहीत आहे. तरी पण... मनापासून थँक यू.