मधलं स्टूल

आमच्या सुमात्रातल्या कारो लोकांत सासरा आणि सून एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नसतं, रीत असते. मध्ये तिसरं माणूस लागतं. कुणीच नसेल तर भिंतीला सांगायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं. मेदान शहरातल्या कॉलेजातून परत आले तेव्हा मी या रीतीला हसायची. आता हसत नाही.

माझा धाकटा भाऊ नाम्पात बटाटे पिकवायचा आणि बुद्धिबळ खेळायचा. तिसरं काही त्याला येत नव्हतं. बायको लवकर गेली. टेर्केलिन एकुलता एक मुलगा, त्याला खेळाची गोडी नव्हती. गोडी लागली सुनेला, रेहमेंदाला. मग काय! पटाच्या या बाजूला सासरा, त्या बाजूला सून आणि मधल्या स्टुलावर टेर्केलिन.

"सांग तिला, प्यादं सरळ चालतं, पण मारतं तिरकं."

"अहो, त्यांना विचारा, मागे येता येतं का?"

"नाही म्हणावं. प्याद्याला माघार नाही. आणि हात लावला ती सोंगटी हलवायचीच. सारखी चाचपून काय बघतेय, वांगी निवडतेय का म्हणावं!"

"बाबा, ती समोरच बसलीय, तिला ऐकू येतंय," टेर्केलिन वैतागायचा. पण उठायचा नाही.

खरी अडचण शहाची. आमच्या गावात शह तोंडानं सांगावा लागतो, न सांगितलेला धरत नाहीत. राजाला मारायचं नसतं, त्याला फक्त सांगायचं असतं. आणि सासऱ्याला सांगणार कशी? रेहमेंदा नवऱ्याच्या गुडघ्याला चिमटा काढायची, मग तो जांभई देत म्हणायचा, "बाबा, शह."

कोबीचा ट्रक घेऊन घाट उतरताना टेर्केलिन गेला. चौतीस वर्षांचा होता. मूलबाळ नव्हतं.

महिन्यानं मी गेले तेव्हा दोघं खेळत बसली होती. मी स्टुलावर टेकायला गेले, तर दोघं एकदम ओरडली, "तिथं नको!"

मी चटईवर बसले. रेहमेंदानं घोडा ठेवला आणि रिकाम्या स्टुलाकडे बघून म्हणाली, "अहो, त्यांना सांगा, शह."

नाम्पातनं राजा सरकवला. "टेर्केलिन, सांग तिला, कॉफीत साखर कमी पडलीय."

"अरे, मी आहे ना इथं! मला सांगा की," मी म्हटलं.

"तुला कशाला त्रास, ताई."

असं दोन वर्षं चाललं. मग रेहमेंदाच्या भावानं तिच्यासाठी एक स्थळ आणलं. बिजवर, शाळामास्तर, पदरी लहान मुलगी. स्वयंपाकघरात मासे साफ करता करता ती मला म्हणाली, "आत्याबाई, माणूस बरा आहे. मला जावंसं वाटतं. पण त्यांनी जा म्हटल्याशिवाय मी उठणार नाही."

मी तडक शेतात गेले. "नाम्पात, तिशीतली पोर ती. तुझी कॉफी करता करता तिला म्हातारी करणार आहेस का?"

तो खणतच राहिला. सरी संपल्यावर म्हणाला, "ती गेली तर तो यायचा बंद होईल, ताई."

"कोण?" मी विचारलं. आयुष्यात इतका मूर्ख प्रश्न मी दुसरा विचारला नाही.

त्या संध्याकाळी डाव मांडला. निम्म्यात रेहमेंदा म्हणाली, "अहो, सांगा, शह."

नाम्पातनं राजाला हात लावला नाही. मान खाली घालून बोलला, "टेर्केलिन, तिला सांग, रविवारी भाऊ न्यायला येईल. जा म्हणावं. मी राजी आहे म्हणावं."

तिनं पटाकडे पाहिलं. मग स्टुलालाच म्हणाली, "त्यांना सांगा, डाव अर्धाच राहिलाय."

"राहू दे म्हणावं."

तिनं स्टुलाच्या कडेवर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली. आम्ही दिवा लावला तेव्हा उठली.

रविवारी ती गेली. सोमवारी नाम्पातनं पट झटकला, सोंगट्या नव्यानं लावल्या. मला धड खेळता येत नाही, तरी म्हटलं, बसते समोर. चटई कुठं दिसेना, म्हणून मी इकडेतिकडे बघत उभी राहिले.

त्यानं पायानं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बस ताई. तिथं आता कुणी नाही."