मामाजींची सर्दी

"मामाजीची सर्दी काही हटून नाही राह्यली, बाई," असं म्हणत सुमन दवाखान्याच्या पायरीवर टेकली.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी मोताळ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. डॉक्टर फक्त बाजाराच्या दिवशी यायचे, एरवी सगळा कारभार माझाच. गावात माझं म्हणावं असं कुणी नव्हतं. शाळेतल्या मास्तरांची ही बायको तेवढी संध्याकाळी क्वार्टरवर येऊन बसायची. ती आली नाही की मी भिंतींशी बोलायचे, आणि भिंती वऱ्हाडातल्या असूनही गप्प राहायच्या.

तिच्या मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, आबाजींना, अफूची जुनी सवय होती. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. अशा म्हाताऱ्यांना सरकारी परमिट असे आणि त्यावर ठरलेली अफू मिळे. मास्तर ती बुलढाण्याहून आणत, स्वतः गोळी वळून बापाच्या तळहातावर ठेवत. गाव त्यांना श्रावणबाळ म्हणायचं.

मी घरी गेले. आबाजी अंगणात खाटेवर पडले होते. नाक गळत होतं, डोळ्यांतून पाणी, जांभईवर जांभई, अंगावर काटा. ताप मात्र नव्हता. ही सर्दी नव्हतीच. सवयीच्या माणसाला अफू कमी पडली की शरीर असा तगादा लावतं. आम्ही त्याला विथड्रॉवल म्हणतो. पण परमिट तर चालू होतं. मग अफू जात होती कुठे?

सुमनने चहा टाकला आणि चुलीपुढे बसून स्वतःचंच दुःख काढलं. मास्तर आता अंबाडीची भाजी ताटात घेत नाहीत. ताक नको, चिंच नको. दूध आणि गूळ तेवढा मागतात.

"माह्या हाताची चव गेली काय, बाई? बाजूले बसून असतात, पण घरात मी एकटीच असल्यावानी वाटते."

एकटेपणा काय असतो ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण त्याच वेळी डोकंही चालू झालं. अफू खाणारे आंबटाला फार भितात. आंबटाने नशा उतरते असा त्यांचा समज. तो खरा की खोटा कोण जाणे, पथ्य मात्र ते कडक पाळतात.

तेवढ्यात मास्तर शाळेतून आले. ओसरीवर उजेड कमी होता. कमी उजेडात डोळ्यातलं काळं छिद्र, म्हणजे प्युपिल, मोठं व्हायला हवं. मास्तरांचं मोहरीएवढं होतं. अफूने ते असं आकसतं. नाक खाजवत ते माझ्याशी अगदी गोड बोलले आणि आत जाऊन पडले.

मी आबाजींजवळ बसले. तुमची अर्धी गोळी कुठे जाते ते ठाऊक आहे का, असं हळूच विचारलं.

"हाव," म्हातारा म्हणाला. "त्याले हगवण लागली होती, तवा औषध म्हणून मीच देल्ली पहिल्यांदा. मंग सुटलीच नाही. पोरगं उपाशी असलं त बाप आपला घास देते. मी तसंच समजलो."

सांगितलं नाही तर मास्तर हातचे जाणार होते. सांगितलं तर सुमन माझी राहील की नाही, ही मला धास्ती. सांगितलं. सुमनने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"तुमाले कोणं सांगतलं?"

"कुणी नाही. डोळ्यांवरून कळलं."

"मंग माह्या डोळ्यायले काऊन नाही दिसलं?"

यावर दवाखान्यात औषध नव्हतं. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही, एवढंच मी म्हटलं. ते खरं होतं, पण तिच्या काय कामाचं?

डॉक्टरांनी मास्तरांना बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं. अफू एकदम न तोडता हळूहळू उतरवली. आबाजींची गोळी सुमनने स्वतःच्या हातात घेतली आणि म्हाताऱ्याची सर्दी पळाली. मास्तर बरे होऊन शाळेवर रुजू झाले. गावाला पोटाचं दुखणं सांगितलं, गावानेही ते मानून घेतलं.

सुमन क्वार्टरवर यायची मात्र थांबली. एकदा बाजारात समोरासमोर आलो, तेव्हा मीच विचारलं, राग आहे का म्हणून.

"राग नाही, बाई. तुमच्यानंच माहा संसार वाचला. पण तुमी दिसल्या का मले तो दिवस दिसते."

मला वाईट वाटलं, पण तिचं काही चुकलं नाही. पुढच्या नोकरीत अशी निदानं मी पुष्कळ केली. खूण दिसली की सांगून टाकायचं, आणि त्या घरचं माणूस पुन्हा आपल्याकडे चहाला येईल म्हणून वाट बघत बसायचं नाही.