केसभर मावशींचे दहा नमुने

केसभर मावशी धातू कातायच्या लेथवर उभ्या राहिल्या त्याला एकतीस वर्षं झाली, पण त्यांच्या कामाला नावं ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती. काम तरी काय? प्रयोगशाळेत दोन लांब पोलादी दांड्यांमध्ये वाटाण्याएवढा धातूचा नमुना धरायचा आणि हवेच्या बंदुकीने मागून तिसरा दांडा हाणायचा. पापणी लवायच्या आत नमुना चेपतो. त्याची दोन तोंडं केसभर जरी तिरकी असली, तरी सगळी मेहनत पाण्यात. ते नमुने कातायच्या मावशी, म्हणून हे नाव पडलं.

या खेपेला सळई आली ती टंगस्टनची. टंगस्टनचे दाणे निकेल-लोखंडात घट्ट बसवलेले. हातभर तुकडा उचलायचा तर खांदा निखळावा. दहा नमुन्यांतले सात चेपून पसरले आणि तीन तिरके चिरले. प्रयोगशाळेचे नवे साहेब तडक वर्कशॉपात.

"मावशी, तोंडं तिरकी काढलीत तुम्ही. असंच चालणार असेल तर काम बाहेर देतो."

आता बोला! मावशींची तळपायाची आग मस्तकात गेली. काम बाहेर गेलं की लेथ बंद, आणि वर चूक केल्याचा शिक्का त्यांच्या नावावर.

"निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत तुझी," घरी नवरा म्हणाला. "हो म्हण आणि मोकळी हो."

"चूक केली असती तर म्हटलं असतं!" मावशी फणकारल्या.

पण मनात एक काटा सलत होता. सळईच्या शेवटच्या टोकाला लेथ किंचाळला होता, हत्यार दोनदा बदलावं लागलं होतं. धातूतलं साहेबांना कळतं, आपण कशाला तोंड घालायचं, म्हणून तेव्हा त्या बोलल्या नव्हत्या. ही चूक मात्र त्यांचीच.

सकाळी त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं. "दोन नमुने या टोकाचे कातते, दोन त्या टोकाचे. तोंडं तुम्हीच मोजा."

साहेबांनी एकेक नमुना तीनतीनदा मोजला. चारही सरळ निघाले. मग बंदूक सुटली. पहिल्या टोकाचे दोन्ही पसरले. दुसऱ्या टोकाचा एक चिरला, पाठोपाठ दुसराही.

साहेब तुकडे तळहातावर फिरवत राहिले. "घडवताना या टोकाला सळई जास्त ठोकली गेलीय. कडक झाली, म्हणून चिरतेय." कान लाल झाले होते त्यांचे. "चुकलो मी, मावशी."

"माझंही चुकलंच की. आधी बोलायला हवं होतं."

"मग आता बोला. कडकपणा नेमका कुठून सुरू होतो?"

मावशींनी सळई लेथवर चढवली आणि कान लावून बारीक काप घेत गेल्या. आवाज बदलला तसं यंत्र थांबवलं, खडूने रेघ ओढली.

साहेबांनी खिशातून कडकपणा मोजायचं यंत्र काढलं. रेघेकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, आणि यंत्र परत खिशात टाकलं.

"रेघेवरच कापा," ते म्हणाले.

मावशींचा ऊर भरून आला. चेहरा दिसू नये म्हणून त्या पाठमोऱ्या झाल्या आणि करवत हातात घेतली.