मागच्या गाडीची मंडळी

धारवाडच्या शुभांगीबाई हानगल टपाल खात्यातून निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, बाईंनी एकतीस वर्षांत कुणाकडे काही मागितलं नाही. बाईंना ते फार आवडलं. लग्नाच्या पंगतीत रिकाम्या पानापुढं बसून राहतील, पण वाढप्याला हाक मारणार नाहीत, असा स्वभाव. नवरा श्रीहरी होता तोवर हे चालून गेलं, कारण मागायचं काम तो करायचा. भाजीवाल्याशी हुज्जत त्याची, शेजारून विरजण आणणंही त्याचंच. दोन वर्षांपूर्वी तो गेला. धाकटा दीर नागेशही बिऱ्हाड घेऊन बेंगळुरूला गेला. मग दारात कुणी आलं की बाई रिकाम्या घराकडे वळून "अहो, कोण आलंय बघा" म्हणू लागल्या. एकटी आहे हे लोकांना कळू नये, एवढ्यासाठी. सवय लागली ती लागलीच.

संक्रांतीला पूर्वी सगळं घर पट्टदकल्लूला जायचं. मलप्रभा तिथं उत्तरेकडे वाहते, म्हणून तिथल्या अंघोळीला मान. तीळ-हळद लावून नदीत बुडी मारायची, मग जुन्या देवळांच्या बाजूला सतरंजी अंथरून तीळ लावलेल्या बाजरीच्या कडक भाकऱ्या, भरली वांगी, शेंगाचटणी आणि दहीभात. शेजारच्या सतरंजीवरच्यांना बोलवायचं, आणि बोलावलेली माणसं येईपर्यंत आपण घास मोडायचा नाही, ही इकडची रीत. यंदा बाईंनी चारच भाकऱ्या बांधल्या, बदामीला बस बदलली आणि अकराच्या सुमारास गावात उतरल्या.

गाव एवढंसं. चहाची दोन दुकानं, नारळाचे ढीग, आणि घरांच्या पाठीमागं बारा-तेराशे वर्षांची देवळं. पाणी गुडघाभर होतं. बाईंनी अंघोळ उरकली, साडी बदलली आणि बसायला जागा शोधू लागल्या. प्रत्येक झाडाखाली कुणाचं ना कुणाचं कुटुंब. एका चिंचेखाली मराठी कानावर पडली. अळणावरकडची शेतकरी मंडळी टेम्पो करून आली होती. घरधनीण मथुरा चाळिशीची, तिचा नवरा मंजुनाथ, आणि काठी टेकून बसलेले सासरे, त्यांना सगळे अप्पा म्हणत.

"या की अक्का, सावलीला," मथुरा म्हणाली. "तुमची माणसं कुठायत?"

एकटीच आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण बाईंच्या तोंडून निघालं, "येताहेत धारवाडहून, मागच्या गाडीनं."

"किती जण?"

"सहा."

मथुरानं लगेच टेम्पोतून आणखी एक सतरंजी आणली आणि झटकून अंथरली. "मग सगळी मिळूनच बसू," मंजुनाथ म्हणाला. बाईंना वाटलं, अर्ध्या तासात ही माणसं कंटाळून जेवतील आणि विषय मिटेल. पण रीत मोडणारी माणसं ती नव्हेतच.

बारा वाजले, एक वाजला. बाई दोनदा म्हणाल्या, "तुम्ही बसा, त्यांना उशीर होईल." मथुरा दोन्ही वेळा म्हणाली, "येऊ देत की. सणाला कसली घाई?" भाकऱ्यांची चवड फडक्याखाली तशीच राहिली. शेवटी "जरा रस्त्याकडं बघून येते" म्हणून बाई उठल्या आणि सरळ देवळात जाऊन एका खांबाआड बसल्या. गार दगडाला पाठ टेकली. मागच्या बाजूनं बसथांब्याकडे वाट होती. पिशवी हातात होती. दीडची बस धरली असती तर संध्याकाळी धारवाडात, आणि ही माणसं आयुष्यात पुन्हा भेटणार नव्हती. बाई दोन पावलं गेल्याही.

तिथून रस्ता दिसत होता. मंजुनाथ उन्हात उभा राहून येईल ती गाडी थांबवत होता, खिडकीशी वाकून विचारत होता, "धारवाडची मंडळी का? तुमच्या बाई आमच्याकडं आहेत." गाडीवाले मान हलवून पुढं जात होते. पलीकडे चिंचेखाली मथुरा अप्पांना पाणी पाजत होती, आणि अप्पा काठीवर पार वाकलेले बाईंना एवढ्या लांबूनही दिसले. आपल्या एका खोट्यापायी म्हाताऱ्याला उपाशी बसवलं, याची बाईंना मनापासून लाज वाटली. त्या परत फिरल्या.

"कुणी यायचं नाही," चिंचेखाली येऊन त्या म्हणाल्या.

"का? गाडी बंद पडली व्हय?" मथुरानं विचारलं.

किती सोयीचं होतं ते. नुसतं हो म्हटलं असतं तरी सुटका होती. बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"गाडीच नव्हती. माणसंही नाहीत. मी एकटीच आलेय. एकटीच असते."

मथुरा कडाडली, "काय म्हणावं अक्का तुम्हाला? अप्पांनी सकाळी शुगरची गोळी घेतलीय, चक्कर आली असती म्हणजे? माझा नवरा तिकडं उन्हात करपायलाय. एकटी आहे म्हणून सांगायला तोंड नव्हतं का? एवढं शिकून काय उपेग? बसा तिथं आधी. हात धुतले का न्हाई?"

श्रीहरी गेल्यापासून सगळी माणसं बाईंशी जपून बोलायची, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तशी. नागेश फोनवर "वहिनी, ठीक ना?" विचारून ठेवून द्यायचा. दोन वर्षांत त्यांच्यावर कुणी रागावलं नव्हतं. बाईंनी मुकाट्यानं हात पुढं केले. मथुरानं तांब्यातलं पाणी ओतलं. तिचं बोलणं आता थांबलं होतं, आणि ती रागानं आणखी दोन शब्द बोलली तर बरं, असं बाईंना फार वाटलं.

"नाही धुतले," त्या ओले हात तसेच धरून म्हणाल्या.